कविवर्य मोरोपंत : मोराची हाक

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुलांना जवळ बसवून श्लोक म्हणवून घेण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्या श्लोकांत सज्जनांची संगत मागणारा एक श्लोक हटकून असे. पुढे तो शाळांच्या प्रार्थनेत गेला, भजनी मंडळांत गेला, आणि तो कोणाचा हे विचारण्याचे कोणाला कारण उरले नाही. लहान मुलांच्या तोंडी तो इतका बसला आहे की तो मुलांसाठीच रचला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो एका वृद्धाचा श्लोक आहे. देवादिकांच्या कथा रचण्यात सारी हयात घालवलेल्या एका थोर पंडिताने, आयुष्याच्या उतरणीवर उभे राहून, स्वतःसाठी देवापाशी केलेले ते मागणे आहे. हे पंडित म्हणजे बारामतीचे कविवर्य मोरोपंत.

मोरोपंतांचे पूर्ण नाव मोरेश्वर रामाजी पराडकर. घराणे मूळचे कोकणातले, राजापूरकडच्या सौंदळ गावचे. वडील रामाजीपंत नोकरीनिमित्त घाट चढून पन्हाळ्यास आले आणि तेथे १७२९ साली मोरोपंतांचा जन्म झाला. पन्हाळ्यास केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या दोघा विद्वान बंधूंपाशी त्यांचे अध्ययन झाले. व्याकरण, काव्य, अलंकार, वेदान्त असा तो भक्कम पाया होता. गडावरच्या त्या काही वर्षांत या मुलाने जे पाठ केले ते पुढे चाळीस वर्षे पुरले, असे म्हणावयास हरकत नाही.

वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास ते बारामतीस आले आणि कायमचे बारामतीचेच झाले. तेथे बाबूजी नाईक जोशी हे मोठे सावकार आणि सरदार. पेशव्यांशी त्यांचा नात्याचा संबंध होता. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली होती. या नाईकांच्या आश्रयाने पंतांचा योगक्षेम चालू लागला. काम पुराण सांगण्याचे. पोथीवरचा संस्कृत श्लोक वाचायचा, त्याचा अर्थ प्राकृतात उलगडून सांगायचा आणि समोर बसलेल्या बायाबापड्यांपासून शास्त्र्यांपर्यंत सर्वांना तो पोहोचवायचा. ज्यांनी देवळाच्या ओवरीत चातुर्मासातले पुराण ऐकले आहे त्यांना हे काम किती कठीण असते ते सांगायला नको. अर्थ चुकला तर शास्त्री मान हलवतात, आणि अर्थ कोरडा झाला तर बाकीचे डुलक्या घेतात.

दिवसा पुराण आणि उरलेल्या वेळी बोरू, अशी त्यांची वर्षे गेली. त्यांच्या एकंदर कवितेची संख्या पाऊण लाखाच्या घरात मोजतात. मराठी कवितेची वाटणी सांगताना जुनी माणसे श्लोकासाठी वामनपंडितांचे, अभंगासाठी तुकोबांचे, ओवीसाठी ज्ञानोबांचे आणि आर्येसाठी मोरोपंतांचे नाव घेत. (शास्त्राने पाहू गेल्यास पंतांच्या पुष्कळशा आर्या या गीती वृत्तातल्या आहेत, पण लोकांनी त्यांना आर्याच म्हटले आणि तेच नाव राहिले.) त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे आर्याभारत. महाभारताची अठराही पर्वे त्यांनी मराठीत आणली. सतरा हजारांच्या घरात आर्या झाल्या. एका माणसाने, एका गावी बसून, हे कसे पुरे केले असेल याचा विचार आपल्या मनाशी करून पाहावा.

या भारतात मरणे किती आहेत! शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म, चक्रव्यूहात एकटा सापडलेला अभिमन्यू, शस्त्र खाली ठेवलेले द्रोण, रथाचे चाक रुतलेला कर्ण. युद्ध संपल्यावर तर कथा अधिकच कठीण होते. यादव आपसांत लढून संपतात. स्वतः श्रीकृष्णांना एका व्याधाचा बाण लागतो. पांडव हिमालयाच्या वाटेला लागतात आणि द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असे एकेक करून वाटेत गळून पडतात. पंतांनी हे सारे आर्यांत बसवले. कीर्तनकारांनी ती आख्याने उचलली, श्रोत्यांनी डोळे पुसले आणि घरी जाऊन जेवण केले. दुसऱ्याच्या मरणाची कथा ही अशीच असते. ती सांगणारा कितीही थोर असला तरी त्या मरणाच्या बाहेर उभा असतो.

शब्दांवर पंतांची हुकमत एवढी होती की तिचा त्यांना खेळ सुचे. रामकथा त्यांनी एकदा सांगून त्यांचे समाधान झाले नाही. एकशेआठ रामायणे त्यांनी रचली असे सांगतात आणि त्यांतली बहुतेक आज उपलब्ध आहेत. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकात त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे ओवून घेतलेली, तर दुसरे निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ज्याच्या उच्चारात ओठाला ओठ लागत नाही ते. प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात यायचीच नाहीत. आता गंमत पाहा. म हे अक्षर वर्ज्य केल्यावर राम हा शब्दच उच्चारता येत नाही. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्याचे नाव न घेता ती सांगायची. पंतांनी तीही सांगितली. पंडितांनी वाहवा केली आणि ती योग्यच होती. पण भाविकाच्या मनात एक शंका येऊन जाते. ज्या नामासाठी एवढा खटाटोप, ते नामच या खेळात बाहेर राहिले की नाही? ही शंका पंतांच्या मनाला शिवलीच नसेल असे म्हणवत नाही, कारण त्यांच्या उतारवयातली कविता याच वळणावर येते.

ज्या काळात पंत बारामतीस राहिले तो काळ काही शांततेचा नव्हता. १७६१ साली पानिपत झाले आणि महाराष्ट्रात असे घर उरले नाही जेथे कोणाची ना कोणाची वाट पाहिली जात नव्हती. १७७२ साली थोरले माधवराव पेशवे ऐन तारुण्यात थेऊरला क्षयाने गेले. पुढल्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पंतांच्या डोळ्यांसमोर एक सबंध पिढी निघून गेली. पुराण सांगणारा माणूस अशा वेळी गावाचा आधार असतो. कोणाच्या घरी दुःख झाले की त्याने जायचे, गीतेतला आत्मा अमर असल्याचा उपदेश सांगायचा, जनक-याज्ञवल्क्यांची उदाहरणे द्यायची. ते शब्द लोकांना धीर देतात. मात्र सांगणाऱ्याचे केस पिकतात, दात हलू लागतात, आणि एक दिवस ते शब्द त्याला स्वतःला म्हणून पाहावे लागतात.

उतारवयात पंत काशीयात्रेस गेले. त्या दिवसांत काशीला निघणे म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊनच निघणे असे. परत येईल त्याचे नशीब. पंत परत आले. गंगेवर त्यांनी निराळी काव्ये केली आहेत आणि त्यांतल्या एकाचे नाव 'गंगावकिली' असे आहे. हे नाव मोठे बोलके आहे. आयुष्यभर देवाची कीर्ती सांगणारा कवी आता देवाच्या दरबारात कज्जा घेऊन उभा राहण्याच्या भाषेत बोलू लागला होता. 'संशयरत्नमाला' या त्यांच्या दुसऱ्या काव्यात तर देवापुढे एकामागून एक शंकाच मांडलेल्या आहेत. अमक्यासाठी आपण धावलात, तमक्याचे आपण केलेत, मग माझ्याच वेळी हा उशीर का, असा त्या शंकांचा रोख. शंकांची माळ करून ती देवाच्या गळ्यात घालायची ही कल्पना एखाद्या पुराणिकालाच सुचावी. बाहेरच्या माणसाला देवाच्या इतक्या जुन्या गोष्टी तोंडपाठ नसतात.

या सर्वांचा कळस म्हणजे 'केकावली'.

केका म्हणजे मोराचा शब्द. मयूर म्हणजे मोर, आणि मोरोपंत कवितेत स्वतःला मयूर म्हणत. आकाशात मेघ दिसावा म्हणून मोर ओरडतो, तशी या मयूराने देवरूपी मेघाला घातलेली ही हाक. रूपक जुनेच आहे, संस्कृत कवींनी ते पुष्कळ वापरले आहे. परंतु बारामतीच्या माणसाला त्यात निराळा अर्थ दिसतो. हा मुलूख अवर्षणाचा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर येता येता हात आखडता घेतो. कऱ्हा नदी वर्षाचे कितीतरी महिने वाळूच दाखवते. नीरेचा कालवा आला तो पंतांच्या पश्चात जवळजवळ शंभर वर्षांनी, इंग्रज अमदानीत. पंतांच्या काळी ज्येष्ठ-आषाढात ढग आला आणि न बरसता पुढे गेला म्हणजे काय होते, हे तेथल्या प्रत्येक कुणब्याला ठाऊक होते. तेव्हा मेघाला हाक मारणारा मोर हे बारामतीत पोथीपुरते राहत नव्हते.

केकावलीसाठी पंतांनी आपली नेहमीची आर्या बाजूला ठेवली आणि पृथ्वी हे वृत्त घेतले. सतरा अक्षरांची लांब ओळ, आठव्या अक्षरावर थोडे थांबायचे आणि पुन्हा पुढे जायचे. दम लागलेला माणूस जिना चढताना मध्ये थांबतो तशी तिची चाल आहे. असे सुमारे सव्वाशे श्लोक. त्यांत कथा नाही, आख्यान नाही. एक माणूस देवाशी बोलतो आहे एवढेच.

काय बोलतो? पहिल्याने देवाची थोरवी गातो. मग हळूहळू भांडणाला सुरुवात होते. तुमच्या पायधुळीने शिळा झालेली अहल्या उठून उभी राहिली. अजामिळाने जन्मभर पाप केले आणि मरतेवेळी आपल्या मुलाला हाक मारली, तर त्या मुलाचे नाव नारायण होते एवढ्यावर तो तरला. अजामिळाची ही कथा पंतांनी पुराणात किती वेळा सांगितली असेल! श्रोत्यांना ती सांगताना तिच्यातून नामाचा महिमा निघतो. स्वतःच्या अंतकाळाचा विचार करताना मात्र तिच्यातून एक वेगळाच प्रश्न निघतो. नाव चुकून घेणारा तरला, मग हजारो वेळा जाणूनबुजून घेणाऱ्याला एवढे थांबावे का लागते? पंत आर्जव करतात, रुसतात, मुद्दे मांडतात, लगेच स्वतःच्या धिटाईबद्दल क्षमा मागतात, आणि पुन्हा मुद्दे मांडतात. तुकोबांनी हेच भांडण रोखठोक शब्दांत केले. पंतांचा स्वभाव तसा नव्हता. ते दरबारी रीतीने, हात जोडून, पण जागचे न हलता भांडतात.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. केकावलीतही पंतांनी यमके सोडली नाहीत. अनुप्रास सोडले नाहीत, समास सोडले नाहीत. मरणाच्या गोष्टी बोलतानाही त्यांचा शब्द नटूनथटूनच बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही अनेकांनी त्यांना यमकांचे कारागीर म्हणून हिणवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांची बाजू घेऊन लिहिले आणि तो वाद बरीच वर्षे चालला. आक्षेप अगदीच खोटा आहे असे नाही. आर्याभारतात अशा जागा आहेत की तेथे यमक जुळले आहे आणि अर्थ मागे धावतो आहे. केकावलीत मात्र गोष्ट पालटते. सोनाराने देवासमोर जाताना आपण घडवलेला सर्वांत चांगला दागिना घेऊन जावा, तसे हे आहे. पंतांपाशी दुसरे होते काय? ना इनामांची ददात होती ना त्यांचा गर्व. आयुष्यात त्यांनी एकच कसब कमावले होते. ते टाकून देवापुढे साधे होऊन जाणे त्यांना खोटेपणाचे वाटले असते.

आणि हे सव्वाशे श्लोकांचे भांडण कशावर येऊन ठेपते? एवढा मोठा पंडित, एवढी तक्रार; शेवटी तो दीर्घ आयुष्य मागेल किंवा निदान वैकुंठाची हमी तरी मागेल, असे वाटते. अखेरीकडच्या श्लोकांत पंत जे मागतात ते घरातल्या कोणीही मागावे इतके लहान आहे. संगत चांगली मिळावी. कानावर भल्या माणसाचे बोलणे पडावे. बुद्धीवरचा डाग जावा, विषयांची ओढ सुटावी, भजनात बसलेले मन उठून जाऊ नये, ठरवलेले डळमळू नये. म्हातारपणी माणसाला कशाची भीती वाटते ते या यादीत बरोबर उमटले आहे. देह जाणार हे तर ठरलेलेच. त्याआधी मन जाऊ नये, चिडचिडे होऊ नये, ज्याच्यासाठी जन्म घालवला तेच ऐनवेळी विसरू नये, ही खरी भीती. पंतांनी ती लपवली नाही. आत्मा अमर आहे हे दुसऱ्यांना शिकवणाऱ्याने आपल्या मनाचा भरवसा नाही हे देवापुढे कबूल केले. त्या कबुलीतून निघालेले मागणे पुढे मुलांच्या तोंडी गेले.

पंतांचा काळ संपत आला तेव्हा त्यांची कविता गावोगाव पोहोचू लागली होती. त्यात सोलापूरच्या रामजोशांचा मोठा वाटा आहे. रामजोशी मूळचे लावणीकार, डफावर रंगणारे. पंतांच्या प्रभावाने ते कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या गात महाराष्ट्रभर हिंडले. शास्त्र्याच्या पोथीतली कविता शाहिराच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेली, हा योग दुर्मिळच. पुढे छापखाने आले. परशुरामपंत गोडबोले यांच्या 'नवनीत' या १८५४ सालच्या वेच्यांतून पंत शाळेतल्या मुलांना भेटले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी केकावलीवर 'यशोदा पांडुरंगी' नावाची टीका लिहिली, ती १८६५ साली निघाली. ज्यांनी मराठीचे व्याकरण बांधले त्या दादोबांना टीकेसाठी पंतांचे भारत नव्हे तर केकावली घ्यावीशी वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१७९४ साल उजाडले. त्या वर्षी १२ फेब्रुवारीला पुण्याजवळ वानवडीस महादजी शिंदे वारले. ही बातमी बारामतीस पोहोचून ती जुनी होते न होते तोच चैत्र लागला. पाडवा झाला, रामाचे नवरात्र बसले, रामनवमी झाली. पंत जन्माचे रामभक्त. त्यांच्या घरी त्या दिवशी जन्मोत्सव न होईल हे शक्यच नव्हते. उत्सव पार पडल्यावर पंतांना ज्वर आला आणि तो उतरला नाही.

या शेवटच्या दुखण्यातही पंतांनी काही आर्या केल्या असे परंपरेने सांगतात. अंथरुणावर पडून, ज्वरात, त्यांनी रामाची करुणा भाकली आणि आपल्या माणसांचा निरोप घेतला, तोही पद्यात. ज्या माणसाने चाळीस वर्षे रोज ओळी जुळवल्या त्याला याचे नवल वाटले नसेल. घरच्यांनाही वाटले नसेल. सुताराचा हात झोपेतही रंधा फिरवतो म्हणतात. आता त्या ओळींत कोणते अक्षर वर्ज्य करायचे नव्हते. ओठाला ओठ लागून जे नाव पुरे होते तेच नाव त्यांना हवे होते.

शके १७१६, चैत्र शुद्ध पौर्णिमा, मंगळवार, दिनांक १५ एप्रिल १७९४ या दिवशी पंतांनी देह ठेवला. वय पासष्टाच्या घरात होते. चैत्री पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती. त्या पहाटे गावोगावच्या मारुतीच्या देवळांतून जन्माचे कीर्तन उभे असते, सूर्य उगवताना गुलाल पडतो, सुंठवडा वाटला जातो. बारामतीस त्या दिवशी कऱ्हेच्या काठी चिता पेटली. पावसाळा अजून दोन महिने दूर होता.